झापायचा सराव

दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारा नंबरची वाट पाहत होता. शेजारी दोन साहेब बोलत होते.

“मॅनेजरांसाठीच्या त्या एआयवर माणसांना झापायचा सराव केलास?”

“केला. ते कामचुकार बाईचं सोंग घेतं. मी आवाज चढवला, तर म्हणतं, ‘आधी घोटभर पाणी प्या, मग माझं डोकं खा.’”

“मलाही तेच म्हणालं. हे शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. तक्रार विभागातले जुने फोन ऐकवलेत त्याला. त्यात फोन घेणारी एक बाई असंच म्हणायची. ती वारली म्हणे.”

“मग?”

“उद्या पुसताहेत तिला. झापायला कुणाची जीभच रेटत नाही.”

म्हाताऱ्याचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

“साहेब, ती माझी बायको. उद्याच्या आत मला एकदा तिच्यावर रागावू द्याल? न सांगता गेली हो.”