निळ्या कागदाखाली

ऑर्हुसच्या बसमध्ये इंगेबॉर्गच्या मागे दोघे गप्पा मारत होते.

"माशांची टाकी फुकट? कुठे मिळाली रे, प्रेबेन?"

"चर्चमागच्या गल्लीत. फुटपाथवर होती, 'घेऊन जा' अशी चिठ्ठी लावलेली."

ती चिठ्ठी इंगेबॉर्गनेच लावली होती.

"गळत असेल."

"नवं सिलिकॉन भरलं. पांढरा थर व्हिनेगरने गेला. पण मागचा निळा कागद सोलला, तर खाली काचेवर मार्करने लिहिलेलं. तेही उलटं!"

"उलटं कशाला?"

"आतून माशांना वाचता यावं म्हणून. पोरासोरांचं अक्षर. 'मी हॉस्पिटलातून येईपर्यंत आईला सांभाळा.'"

"मग?"

"ब्लेडने खरवडलं."

इंगेबॉर्ग मागे वळली.

"सगळं निघालं?"

"सगळं, बाई! काच कशी नव्यासारखी झालीय."