मामाच्या वाट्याची साडी

पोरीच्या लग्नात किती वाचले म्हणून सारेच विचारून राह्यले, तर आयका.

तारखेच्या आधीच आम्ही खर्च वाटून घेतला होता. जेवण माह्याकडं, मांडव अन् बँड व्याह्याकडं. नवरीची पिवळी साडी मात्र तिच्या मामानं, म्हणजे माह्या साळ्यानं, मागून घेतली. "साडीत तुम्ही मधात पडू नका, भाऊजी," म्हणे.

साखरपुड्याले तो आला नाही. नांदुऱ्याचं दुकान सोडून दोनदा येणं जमत नाही, एकदम लग्नालेच येतो म्हणे.

अन् साखरपुड्यात व्याही उठला. "पाहुणे जमलेच हायेत, आजच अक्षता टाकू. दोघाईचा खर्च वाचते." लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी हाव म्हटलं. पोरगी साखरपुड्याच्याच साडीवर बोहल्यावर चढली.

लग्न उरकल्याचं आयकून दुसऱ्या दिवशी मामा आला, हातात साडीचा बॉक्स.

"मले फोन काऊन नाही केला?"

"लय घाईत झालं रे."

त्यानं बॉक्स माह्या मांडीवर ठेवला. "वाटणीत माह्याकडं एवढी एकच गोष्ट होती, भाऊजी."

चहाही न घेता गेला, तो अजून आला नाही. मले पोरगी एकच. साडी तशीच बॉक्समधी हाय, अन् तुम्ही विचारता किती वाचले.