ताईचा आवाज तुमच्या कपाटात आहे

दोनच मिनिटं बोला आणि गोड बोला, असं मला जिन्यातच बजावलंय. गोडच हवं होतं तर मला कशाला बोलावलंत?

तर सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची मोठी मंडळी, आज निवृत्त होणारे आपले सर आणि समोरच्या बाया-बापड्यांनो, सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेत माझं नाव नाही, 'पीडितांच्या प्रतिनिधी' छापलंय. असू दे.

सरांनी जन्मभर दहशतवादाचा अभ्यास केला. आधीचे वक्ते त्यावर बोलले, मला निम्मं कळलं नाही. मला कळतात ते आमच्या शिलाईच्या दुकानात आलेले सर. बाजारातल्या स्फोटात माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे गेले. तेव्हापासून ती कुणाशी बोलेना. सरांशी बोलली. रेकॉर्डिंगात खडखड येते म्हणून मला शिलाईचं मशीन बंद ठेवायला लावलं. ताई म्हणाली, "सर, स्फोट झाला तेव्हा मी भाव करत होते हो. मेला शेवटपर्यंत उतरला नाही!" आणि हसली. सरही हसले, मग चष्मा काढून बसले. हे उपकार कसे विसरू?

त्याच वर्षी ताई गेली. तिची पोर तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात जाते. परवा विचारते, "मावशी, आई कशी बोलायची गं?" मी नक्कल करून दाखवली. नाही जमली.

म्हणून ताईचं ते रेकॉर्डिंग मागायला इथे संस्थेत आले. ऑफिसातल्या बाई म्हणतात, "बोलणाऱ्याची परवानगी आणा." अहो, ती मेली! "मग नियमात बसत नाही. शिवाय रेकॉर्डिंगांवरची नावं आम्ही काढून टाकलीत, कुणाचा आवाज कोणता ते आम्हालाही कळत नाही." नावं का काढली? तर मारणाऱ्यांनी शोधत येऊ नये म्हणून. त्या मेल्यांना तरी तिचं नाव कुठे ठाऊक होतं?

तुम्हाला कळत नसेल, मला कळतो. कपाट उघडा, एकेक लावा. भाव करताना हसते ती आमची.

सर, तुमच्या पायाला विश्रांती मिळो, तब्येत सांभाळा. बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ तिखट आहे, कुणाला झोंबली असेल तर पोटात घाला. पण शुक्रवारी तुम्ही त्या कपाटाच्या किल्ल्या नव्या साहेबांना देणार म्हणे. गुरुवारी मी पोरीला घेऊन दुकानात बसते, मशीन बंद ठेवून. हो की नाही, ते दिवे लागायच्या आत येऊन सांगा.