सातांतली एक

बिरुदेव : कचेरीच्या यादीत आमच्या वस्तीवर शून्य मयत कसं म्हंता ताई? आमची कारभारीन केराबाई ह्याच चैतात ऊन लागून गेली. सकाळी सांगून गेलो, आता दवाखान्याचा कागद बी आनलाय.

अक्षता : मामा, बसा आधी. दवाखान्यानं आम्हाला गावांची नावं कळवलीच नाहीत. उष्माघातानं एकूण सात दगावले, एवढाच आकडा आला. तो कॉम्प्युटरनं लोकसंख्येप्रमाणे वाटला. मोठ्या गावाला तीन, बाकीच्या दोन गावांना दोन-दोन.

बिरुदेव : आन् आमाला?

अक्षता : तुमच्या वस्तीत चाळीसच माणसं. वाट्याला अर्धासुद्धा येत नाही. अर्ध्याच्या खालचं ते शून्य धरतं.

बिरुदेव : मानूस काय अर्धं मरतंय व्हय?

अक्षता : नाही मामा. आकडा तसा वाटून द्यायला कॉम्प्युटरला मीच सांगितलं होतं. अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता.

बिरुदेव : गावात ट्यांकर सुरू झाला. आमी मागाय गेलो तर म्हनले, यादीत तुमी शून्य, तुमाला न्हाय. केराबाई पान्यासाटी दोन कोस चालायची ताई. त्या दिशी भरली घागर बांधावर ठिवली आन् शेजारी आडवी झाली. मी मेंढरं घिऊन आलो, वाटलं, दमली आसंल. हाक बी न्हाय मारली. निजूं दे म्हनलं.

अक्षता : मामा...

बिरुदेव : आता त्याच वाटंनं सून जाती. सातवा म्हैना हाय तिला.

अक्षता : द्या तो कागद. दुरुस्तीचा अर्ज आत्ता लिहिते, साहेबांची सही घेऊन आजच पाठवते. टँकरचं मात्र वरचे ठरवणार, ते माझ्या हातात नाही. वय किती होतं?

बिरुदेव : साठ लिवा. म्हंजी आता सातावर आट हुतील का?

अक्षता : नाही, एकूण सातच. तुम्हाला एक दिला की मोठ्या गावाचा एक कमी होईल.

बिरुदेव : मग ऱ्हाऊं द्या ताई.

अक्षता : का हो?

बिरुदेव : तितं बी कुनाचं तरी मानूस गेलंय की. त्येला कशाला पुसायचं?

अक्षता : तिथं दोघंच गेली, मामा. तुम्ही सकाळी येऊन गेलात, तेव्हाच मी तिथल्या नर्सताईंना फोन केला. तिसरी म्हणून मोजली ती तुमची केराबाईच.

बिरुदेव : मग घरी आना तिला.