काचेचं दुसरं टोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या काचेच्या वर्कशॉपचे मालक. व्यासपीठावर प्रथमच आणि तेही बळेबळेच बसवलेल्या सावकाशदादांच्या पत्नी, आमच्या वहिनी. ज्यांना मी हट्ट करून बोलावलं त्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताई. कटिंगच्या टेबलावरचे, पॉलिशच्या मशिनवरचे आणि टेम्पोवरचे माझे सगळे सहकारी. आणि ज्यांच्यामुळे आज आपण सगळे न डागाळलेले शर्ट घालून बसलो आहोत ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आमचे सावकाशदादा, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मालक म्हणाले, पाच मिनिटांत आटप. मी हो म्हटलं. माझ्या 'हो'ची किंमत मालकांना पुरती ठाऊक आहे, म्हणून चहा त्यांनी अर्ध्या तासानंतरचा सांगितलाय.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे मोठी काच एकट्याने उचलायची नसते. उभी धरायची, एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, आणि चालायचं. त्यात बोलायचे शब्द तीनच. 'उचल', 'चल' आणि 'ठेव'. एरवी मी दादांना अहो-जाहो करतो, त्यांचं वय आहे, मान आहे. पण काच हातात असताना 'ठेवा हं दादा' असं कोण म्हणत बसणार? तेवढ्यापुरता मानपान गुंडाळून ठेवायचा. कोणीही 'ठेव' म्हटलं की दुसऱ्याने का, कशाला, अजून दोन पावलं, काही विचारायचं नाही. काच खाली, लाकडी ठोकळ्यांवर.

आता हे दादा. अंगाने असे, फुंकर मारली तर उडतील. काम करता करता यांचं सारखं 'ठेव'. दारात आलं, ठेव. जिन्याचं वळण, ठेव. वारा सुटला, ठेव. आणि वर पुन्हा 'सावकाश रे, सावकाश'. म्हणून नाव पडलं सावकाशदादा. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरातच उरलंय.

आणि माझं नाव पक्कड. ते का, ते सांगताना मला थोडा मोठेपणा घ्यावा लागेल, तर तो घेऊ द्या. मला हाताच्या ताकदीचा नाद होता. घरी लोखंडी ग्रिपर होते, स्प्रिंगवाले, मुठीत धरून मिटायचे. हलक्यापासून सुरुवात करून सगळ्यात कडक होता तो मी मिटवायचो. वजनाच्या दोन गुळगुळीत तबकड्या बोटांच्या चिमटीत धरून घरभर फिरायचो. ऑफिसातल्या बाई झाकण न उघडणाऱ्या बरण्या घरून घेऊन यायच्या, माझ्यासाठी! इतकी वर्षं काच उचलली, पण 'ठेव' हा शब्द माझ्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. दादांना मी चिडवायचो, म्हणायचो, तुमच्यापेक्षा काच जास्त चालते. ते नुसतं 'हूं' म्हणायचे.

मग मी आजारी पडलो. आधी साधा ताप आला आणि गेला. नंतर एका सकाळी चहाचा कप बोटांतून निसटला. मला वाटलं, कप ओला असेल. मग जिना चढवेना. दोन-चार दिवसांत पाय गेले, हात गेले, शेवटी श्वाससुद्धा मशीन घ्यायला लागलं. डॉक्टरांनी आमच्या हिला बाजूला घेऊन सांगितलं, नसांचा आजार आहे, बरे होतील, पण वेळ लागेल, आणि हाताचे पंजे सगळ्यात शेवटी येतील. ही त्या तिसऱ्या रांगेत बसलीय. त्या दिवसांत तिने काय सोसलं ते मी इथे सांगत नाही, कारण ती आधीच मान खाली घालून बसलीय.

हॉस्पिटलात दादा यायचे. गळ्यात नळी असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि दादांना तसंही बोलायची सवय नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. एकदा त्यांनी आपलं बोट माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "दाब." मी दाबलं. म्हणजे मला वाटलं, मी दाबलं. माझा सगळा जीव गोळा करून दाबलं हो! आणि बघतो तर माझी बोटं जशीच्या तशी, दुसऱ्या कोणाची असावीत तशी पडलेली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि पुसायलाही हात नाही. दादांनी माझे डोळे पुसले, "बरं" म्हणाले, आणि भेटायची वेळ संपून नर्सबाई ओरडेपर्यंत ते बोट तसंच ठेवून बसले. वहिनी, तुम्ही विचारत असाल, हा माणूस हॉस्पिटलात एवढा वेळ करतो काय? तर हे करत होते.

घरी आलो. पाय हळूहळू जमिनीला लागले. मग ताईंकडे जायला लागलो. ताईंकडे मुठीत धरून दाबायचं एक यंत्र आहे, पक्कड किती ते त्याचा काटा दाखवतो. पहिल्यांदा दाबलं तर काटा जागचा हलेना. मी म्हटलं, "ताई, तुमचं यंत्र बिघडलंय." ताईंनी माझ्या हातातून ते घेतलं आणि स्वतः दाबलं. काटा सरसर वर गेला! मी एवढा ओशाळलो की विचारू नका.

त्यांनी मला काय दिलं? मुलं खेळतात तसा मऊ लगदा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पक्कड नाव असलेला माणूस दोरीला चिमटे लावतोय, काढतोय. ताई रोज एकच सांगायच्या, "थकायच्या आधी थांबायचं. नसा नव्याने जागा होताहेत, त्यांना दमवलं तर पुन्हा झोपतील." मी मान डोलवायचो. पण पालथ्या घड्यावर पाणी. एका दुपारी ही बाहेर गेलेली पाहून मी कपाटातून तो सगळ्यात कडक ग्रिपर काढला. दोन्ही हातांनी, गुडघ्यांत धरून, दात-ओठ खाऊन. तो केसभरही मिटला नाही, मी मात्र मिटलो. पुढे कितीतरी दिवस मला साधा चमचा धरता आला नाही. हिने मला भरवलं आणि भरवता भरवता जे सुनावलं, ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दादा घरी आले ते काखेत प्लायवूडची फळी घेऊन. लहानशी, कपाटाच्या दाराएवढी. तिच्या कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या. ही म्हणाली, "भाऊजी, हे काय नवीन?"

"सराव," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उचल."

आम्ही फळी उचलली आणि आतल्या खोलीतून बाल्कनीच्या दाराकडे निघालो. अर्ध्यात फळी माझ्या हातून सुटली आणि धाडकन खाली आली. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छत ठोकल्याचा आवाज आला. दादा म्हणाले, "बरं." चहा प्यायले आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मालकांनी माझी जागा भरली नव्हती, दादांसमोर तात्पुरता एक माणूस उभा केला होता. ते मला प्रेमाने म्हणाले होते, काउंटरवर बस, बिलं कर, पगार तोच. मालक, ते मी कधी विसरणार नाही. पण मला काच उचलायची होती. दुसरं मला काय येतं? रात्रंदिवस एकच ध्यास, पुन्हा त्या टोकाला उभं राहायचं. मालक म्हणाले, "ते आपल्या सावकाशने ठरवायचं. काच सुटली तर पलीकडे त्याचे पाय आहेत." म्हणजे माझं सगळं या एका माणसाच्या तोंडून निघणाऱ्या एका 'ये' वर अडलेलं.

आणि हा माणूस 'ये' म्हणेना! महिने गेले. लगदा गेला, कडक रबरी चेंडू आला. हलका ग्रिपर मिटायला लागला. ओला टॉवेल पिळता यायला लागला, पाण्याची बादली उचलता यायला लागली. ताईंच्या यंत्रावर काटा चढत होता, ताई शाबासकी देत होत्या. रविवारची फळी मोठी झाली, मग आणखी मोठी. आता ती बहुतेक वेळा बाल्कनीपर्यंत पोचायची, कधी शेवटच्या पावलाला सुटायची, माझ्याच पायावर. मी पाय चोळत विचारायचो, "मग? येऊ का उद्यापासून?" दादा चहाची बशी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बघू."

एकदा मी चिडलो. म्हटलं, "दादा, तुम्हाला दुसरा जोडीदार आवडलाय असं स्पष्ट सांगा. माझी दया करून दर रविवारी फळ्या नाचवायला येऊ नका." फार लागेल असं बोललो मी. ही आतून धावत आली. दादा उठले, चपला घातल्या, गेले. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी दारावर थाप! फळी पूर्वीपेक्षा मोठी.

आता तो दिवस. आम्ही फळी घेऊन निघालो होतो. बाल्कनीच्या दाराशी ही खाली बसून शिवणकामातल्या पडलेल्या टाचण्या वेचत होती. तिला आम्ही दिसत नव्हतो, पाठ होती तिची. मी मधल्या खोलीत आलो आणि माझी करंगळी गेली. गेली म्हणजे, मला ती जाणवेनाशी झाली. मग तिच्या शेजारचं बोट थरथरायला लागलं. दार चार पावलांवर होतं. पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, चार पावलं काय, रेटू. पण फळीची खालची कड हिच्या डोक्यावरून जाणार होती, आणि मला तिच्या केसांतला पांढरा भांग दिसला. आणि मंडळी, माझ्या तोंडून शब्द निघाला, "ठेव!"

दादांनी तत्क्षणी ठेवली. हिने मागे वळून पाहिलं, आम्हा दोघांनाही काय झालं ते कळेना, कारण दादा हसत होते. दादांना हसताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? सगळे दात दिसत होते. म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

मी म्हटलं, "दादा, थट्टा करू नका. आज तर आपण दारापर्यंतसुद्धा पोचलो नाही."

तेव्हा ते जेवढं बोलले, तेवढं सलग मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "तुझी पक्कड सुटेल याची भीती मला कधीच नव्हती रे. सगळ्यांची सुटते. सुटायला लागली तरी तू सांगणार नाहीस, याची भीती होती. तू धडधाकट होतास तेव्हाही होती. इतकी वर्षं तुझ्यासमोर मी जीव मुठीत धरून चाललोय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर नुसतं पास व्हायला 'ठेव' म्हणाला असतास."

ही टाचण्या तशाच टाकून चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी आत गेलो तर ओट्याला टेकून रडत होती, आणि आधण उकळून उकळून आटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो. हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. पहिलीच काच, खिडकीची, आणि मी गेटपर्यंत तीनदा ठेवायला लावली. पॉलिशवाल्यांनी मला 'छोटे सावकाश' म्हणून हाका मारल्या, मी ऐकून घेतल्या. आजही ताईंच्या यंत्रावर माझा काटा, पूर्वी जिथे गेला असता त्याच्या खूप खाली थांबतो. पुढे जाईल असं ताईंना वाटत नाही, मलाही वाटत नाही. रोज सकाळी मी सराव करतो आणि थकायच्या आधी थांबतो. बरण्या आता ऑफिसातल्या बाईंना दुसऱ्या कोणाकडून तरी उघडून घ्याव्या लागतात.

दादा, तुमच्यानंतर माझ्यासमोर दुसरं कोणी उभं राहील. ते माणूस चांगलंच असेल, त्याला माझ्याकडून त्रास होणार नाही एवढं बघेन. पण मला तुमची आठवण येईल. फार येईल. हे तुम्हाला घरी येऊन सांगणं मला जमलं नसतं, म्हणून चारचौघांत सांगून टाकतो. तुम्ही माझे कोणी नातेवाईक नाही, आणि सख्ख्या भावाने केलं नसतं ते केलंत. वहिनी, एवढे रविवार मी तुमच्या घरातून पळवले आणि तुम्ही कधी कुरकुर केली नाही. तुमच्या पाया पडायचं राहिलंय, ते भाषण संपलं की पडतो.

मालकांचे आभार, ताईंचे आभार, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे, जे इथे आलेले नाहीत, पण त्यांनी पुढे पुढे छत ठोकायचंही सोडून दिलं. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला एखादा शब्द टोचला असेल, तर माझ्याकडे वक्तृत्व नाही हे जाणून पोटात घाला.

आता शेवटचं. तो जो कापडाने झाकलेला ठेवलाय, तो आपण सगळ्यांनी मिळून दादांसाठी केलेला आरसा आहे. पूर्ण उंचीचा, कडा पॉलिश केलेला. तो त्यांच्या घरी पोचवायचाय आणि त्याला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस मला मिळालेला नाही. खरं म्हणजे मी शोधलाच नाही. तेव्हा दादा, आजच्या दिवशी सत्कारमूर्तीला कामाला लावतोय, माफ करा, पण या. टेम्पो बाहेर उभा आहे.

आणि एक ऐका. साध्या काचेतून पलीकडचा माणूस दिसतो, आरशातून दिसत नाही. चकचकीत बाजू तुमच्याकडे राहू दे, मी मागच्या अंगाला उभा राहतो. गेटपर्यंत माझा चेहरा तुम्हाला दिसला नाही तर बरं.