व्हॅनिटीचं उदाहरण

— नाही हो ताई, बसत नाही, दोनच मिनिटांचं काम आहे, एक ओळ बदलायचीय. 'बाहेरच्यांनी छापखान्यात येऊ नये' ही पाटी वाचली मी, पण मी बाहेरचा कुठला? तुम्ही ज्या इंग्रजी-मराठी कोशाची पानं लावताय ना, त्यातलं 'व्ही' अक्षर माझं! अख्खं! फक्त व्ही? फक्त म्हणजे काय — चार वर्षं घातलीत त्यात. आता 'एस' मिळालं असतं, सगळ्यांत जास्त शब्दांचं, तर गोष्ट वेगळी, पण एस कोणी घेतलं? साहेबांनी, मुख्य संपादकांनी, स्वतः. आणि मला शेवटून पाचवं. मी काही बोललो का? नाही बोललो. बसतो जरा, गुडघा दुखतोय.

हं, 'व्हॅनिटी' काढा बघू. पहिला अर्थ — स्वतःच्या रूपाचा, हुशारीचा नको इतका गर्व. दुसरा — व्यर्थपणा, म्हणजे राब राब राबून हाती काहीच लागत नाही ते. आता आमच्याकडे शिस्त अशी, की प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य द्यायचं, आणि ते कुठून उचललेलं नको, आपल्या रोजच्या पाहण्यातलं हवं. साहेबांचाच नियम! मग दिलं मी पाहण्यातलं. वाचा — राहू दे, मीच म्हणतो, पाठ आहे: 'आपल्यावाचून कचेरीचं पान हलत नाही अशा समजुतीत तो दर तासाला आरशात डोकावून येई.' कसं आहे? सात वेळा लिहून काढलं होतं. कोणाबद्दल ते सांगायला नकोच. साहेबांच्या कपाटाच्या दाराला आतून आरसा आहे. फाइल काढायच्या निमित्तानं दार उघडायचं, मान तिरकी करायची, भुवयांवरून बोट फिरवायचं — फाइल एकदाही बाहेर आलेली नाही!

तर परवा साहेबांनी प्रुफं वाचली आणि मला आत बोलावलं. म्हटलं, संपलं, आता आपलं काही खरं नाही. आणि हा माणूस उठून उभा राहतो, माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, 'स्वतःची अशी थट्टा करायला मोठं मन लागतं हो!' स्वतःची! म्हणजे माझी! बाहेर येतो तर टायपिस्ट बाई तोंडावर हात धरून बसलेल्या, आणि शिपाई म्हणतो, 'हुबेहूब उतरलायत.' घरी जाऊन हिला सांगितलं, म्हटलं ही तरी साहेबांवर चिडेल — तर कणीक मळता मळता म्हणते कशी, 'मग? तुमच्यावर नाहीये ते?' आता बोला! मी आरशात बघतो, नाही असं नाही, पण भांग बघायला. आणि मिशी काळी करतो ती तब्येतीसाठी — म्हणजे माणूस टवटवीत दिसला की — हसू नका. मध्ये आठ दिवस आजारी होतो, तर काम अगदी सुरळीत चाललं म्हणे. मी रोज फोन करायचो ना! 'काही अडलंय का?' 'नाही.' 'नीट बघा हं, अडलं असेल.' 'नाही हो, काही नाही.' आठही दिवस हेच.

म्हणून म्हणतो, ओळ बदला. नवी आणलीय लिहून: 'मोराला आपल्या पिसाऱ्याचा गर्व असतो.' बेचव आहे, ठाऊक आहे, पण मोर कचेरीत येत नाही. आणि हो — आभाराचं पान तुमच्याकडेच असेल ना? त्यात सगळ्यांची नावं आहेत, शब्दांची कार्डं ठेवायला बुटांची खोकी दिली त्या दुकानदाराचंसुद्धा. आणि शेवटी 'व इतर सहकारी'. ते इतर म्हणजे मी. एकटाच, ताई. बाकीचे सगळे वर येऊन गेलेत. नाही, तिथं काही घाला असं मी म्हणत नाही. पण मुलीला कळवून बसलो होतो हो, की बापाचं नाव छापून येतंय. फार वाईट वाटलं मला. फार.

काय म्हणालात? छापून झालं? कधी, सकाळी? सगळ्या प्रती? मग मघापासून बोललात का नाही? — बोलू दिलं नाही, बरोबर आहे. ते गठ्ठे तेच का? बघू. हं... शाई ओली आहे अजून. वर छोटा कागद चिकटवून काही — नाही? नाहीच? बरं. छान उठलंय पण. अक्षरन् अक्षर स्पष्ट. 'तो दर तासाला...'

ताई, खराब निघालेली पानं तुम्ही टाकूनच देता ना? त्यातलं हे एक द्या मला. दोन द्या. एक मुलीला पाठवतो. तिला लिहीन, यातला 'तो' म्हणजे मी, साहेबांनीच सांगितलंय तसं. — त्यात हसण्यासारखं काय आहे? चला, करा तुमची कामं.