जाड्याचं रिव्हॉल्व्हर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिक्षिकाबाई समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकता ऐकता आपला ठणकाच विसरून गेल्या. आजोबांची दाढ आज काढायची होती. विषय मात्र चालला होता टीव्हीवरच्या मालिकेतल्या दोन पोलिसांचा.

“आपला लंबू म्हणजे वाघ!” आजोबा म्हणाले. “हातभर पिस्तूल! आधी लाथेनं दार उघडतो, मग विचारतो आत कोण आहे.”

“आणि आत निघते स्वयंपाकीण. परवा बिचारीच्या पातेल्याला भोक पाडलं त्यानं.”

“पण चोर घाबरला की नाही?”

“चोर शेजारच्या घरात होता. पकडला तो माझ्या जाड्यानं. देवमाणूस हो!”

“तो कसला पोलीस! रिव्हॉल्व्हर काढून खणात ठेवतो, चोराला पाणी देतो, वर त्याच्या आईची खुशाली विचारतो.”

“म्हणून तर चोर ढसाढसा रडून सगळं कबूल करतो. माणसाशी आधी दोन शब्द गोड बोलावेत.”

“नुसता बोलघेवडा! अगं, हत्यार उगारलं की क्षणात निकाल. त्याला म्हणतात मर्दाचं काम.”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. चकचकीत पक्कड हातात घेऊन डॉक्टरीणबाई दारात उभ्या.

“चला आजोबा, एका क्षणात काढते.”

आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“बाई, ते हत्यार आधी खणात ठेवा.”

“अहो, पण...”

“आणि बसा जरा इथं. पाणी घेता? तुमच्या आई कशा आहेत?”